जालन्याची परात, वेल्सचा ओढा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी परात आहे. परात म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कणकेचा गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. माझ्यात कणीक कधीच मळली गेली नाही. माझ्यात गटारातली माती धुतली गेली. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, पुढे पुढे सवड मिळणार नाही.

आणखी एक सांगून ठेवते. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू फार शहाण्या असतात म्हणे. त्यांना सगळं कळलेलं असतं. मला नाही कळलेलं. माझा पार गोंधळ उडालेला आहे. जे घडलं ते घडलं तसं सांगते. तुम्हाला काही उलगडलं तर बघा.

मला जालन्याच्या एका लोहारानं घडवलं. तेलाच्या जुन्या पिंपाचा पत्रा कापला, तापवला, ठोकला, काठ दुमडले. माझ्या मधोमध वाटीएवढा एक खळगा आहे. तो चुकून पडलेला नाही, कडूबानं मुद्दाम सांगून पाडून घेतला. कडूबा आणि त्याची बायको गिरिजा झारेकरी होते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा शब्द ऐकला नसेल. ज्यांनी ऐकला असेल त्यांच्या घरात तो हळू आवाजात उच्चारला जात असेल.

सोनार दागिना घडवतो, कानस मारतो, तेव्हा सोन्याचा भुगा उडतो. तो कपड्यांवर बसतो, केसांत बसतो, तळपायाला चिकटतो. दुकान झाडलं की केरात जातो, धुतलं की मोरीतून गटारात जातो. डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. सराफ्यातली दुकानं उघडायच्या आधी गिरिजा त्या पायऱ्या झाडायची, फरशीच्या फटी कोरायची. कडूबा गटाराचा गाळ पाट्या भरभरून नदीवर वाहायचा. मग मला पाण्यात धरून गोल गोल फिरवायचं. माती हलकी, ती पाण्याबरोबर काठावरून निघून जाते. सोनं जड, ते माझ्या खळग्यात येऊन बसतं. शेवटी चिमूटभर काळी रेती उरते आणि तिच्या कडेला, नशीब असेल तर, केसाएवढी पिवळी रेघ.

आणि हा केर फुकट मिळायचा असं समजू नका. वर्षाचे पैसे मोजून घ्यावा लागायचा. तरीही रोज सकाळी विचारायचं, "मालक, केर घेऊ का?" मालक मान हलवायचा. मग वाकायचं.

रेती धुऊन झाली की सोनं धरायला पारा, मग पारा काढायला तेजाब, म्हणजे आम्ल, मग आग. त्या तेजाबाच्या धुरानं कडूबाची छाती गेली. सोनं निघालं की विकायचं कुणाला? ज्याच्या दारातून आणलं त्यालाच. तो म्हणायचा, वरून टाक, हाताला लागू देऊ नकोस. सोनं चालायचं, सोनं काढणारा हात चालायचा नाही. हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आज तर बिलकूल कळत नाही.

कडूबा मात्र मला मानायचा. काम संपलं की वाळूनं घासायचा, उन्हात उभी करायचा आणि म्हणायचा, "हिचा तळ खोटं बोलत न्हाई." एवढंच माझं कौतुक. मला ते पुरलं.

मग कडूबा खोकत खोकत गेला. दुकानांत गुळगुळीत फरशा आल्या, केर ओढून घेणारी यंत्रं आली. सोनारांनी आपला भुगा आपणच गोळा करायला सुरुवात केली. गिरिजाचे गुडघे गेले. मुलगा सुहास तोवर शिकून इंग्लंडला गेला होता. मी बारा वर्षं खिळ्याला टांगलेली होते. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली. मला वाटलं, संपलं.

पण एके दिवशी गिरिजानं मला खाली काढलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि बॅगेच्या तळाशी ठेवलं. ती सहा महिन्यांसाठी सुहासकडे कॉव्हेंट्रीला निघाली होती. विमानतळावर मशीनवाल्यानं मला दोनदा उलटसुलट पाहिलं. "कुकिंग?" त्यानं विचारलं. गिरिजानं मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातली झाले.

सुहासनं घरी बॅग उघडली आणि लुगडं सोडलं. मला ओळखायला त्याला क्षणभरही लागला नाही.

"आई, ही इथं कशाला आणलीस?"

"कोथमीर पेरन."

"कोथिंबीर! इथं कुंड्या मिळतात आई, एक पाउंडाला एक."

"आसू दे. लोखंडात चांगली येती."

सुहासनं दाराकडे पाहिलं. त्याची दहा वर्षांची मुलगी दीक्षा वरच्या खोलीत होती. तो खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, दीक्षाला यातलं काही कळता कामा नये. कुणालाच नाही. शब्द दे मला."

"काय सांगितलंयस तू लोकांना?"

सुहासनं आधी दार लोटून घेतलं, मग सांगितलं. इथं आल्यावर पहिल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं होतं, वडील काय करतात? तो म्हणाला होता, जालन्याच्या सराफ्यात आमचं दुकान होतं. एकदाच म्हणाला. पण दुकान एकदा उघडलं की ते बंद कसं करायचं? पुढच्या वर्षी त्या दुकानाला काचेचा दर्शनी भाग आला, त्याच्या पुढच्या वर्षी दोन कारागीर आले. बायको निवेदिताला खरं माहीत होतं. ती म्हणायची, "टाक ना सांगून एकदाचं." तो म्हणायचा, "तुझं काय जातंय?" आणि दीक्षा तर जन्मल्यापासून सोनाराचीच नात होती.

गिरिजानं शब्द दिला. मित्रांनो, मला तिचा राग आला. पण तुम्हीच सांगा, ती काय करणार होती? घर त्याचं, तिकीट त्याचं.

मला बागेतल्या शेडमागे टाकलं. तिथं माझ्यात पावसाचं पाणी साचलं. लाल छातीचा एक इवला पक्षी येऊन त्यात अंघोळ करायचा. गिरिजा मागच्या दारात खुर्ची टाकून माझ्याकडे बघत बसायची. तिनं मला कोथिंबिरीसाठी आणलेलं नव्हतं. तिला एकच गोष्ट करायची होती. परत जायच्या आधी नातीला एकदा, फक्त एकदा, सांगायचं होतं की तुझी आजी कोण होती, आयुष्यभर काय करत होती. हे विचारणारं दुसरं कुणी तिला उरलं नव्हतं. आणि सुहासला नेमकं तेवढंच नको होतं.

"आजी, तुझा शॉप किती मोठी होती?" दीक्षा विचारायची. तिचं मराठी असं वाकडंतिकडं, पण बोलायची.

"सराफा लई लांबच लांब हाये, माय," गिरिजा म्हणायची. खोटं बोललेलं नाही आणि खरंही सांगितलेलं नाही. असं अर्धवट बोलणं तिला जमायचं नाही. बोलून झालं की पदरानं तोंड पुसायची.

असे पाच महिने गेले.

मग परीक्षित आला. हा सुहासचा दोस्त, मूळचा पुण्याचा, राहायला मेडनहेडला, काम कॉम्प्युटरवर. चहा पिता पिता म्हणाला, "काकू, रविवारी चला आमच्याबरोबर. वेल्सच्या डोंगरात आमचा क्लब आहे. ओढ्यात सोनं शोधतो आम्ही."

गिरिजाच्या हातातली बशी कलली. "काय शोधता?"

"सोनं. माती धुवायची पॅनमध्ये. कधी एखादा कण सापडतो, कधी काहीच नाही."

"आन् कामून?"

"हौस म्हणून! रिलॅक्स व्हायला होतं. वर्षाची फी भरतो आम्ही, शेतकऱ्याची लेखी परवानगी घेतलीय."

"पैसे देऊन माती धुता?"

"हो ना. भारी वाटतं."

"सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीच्याच दिवशी, काकू. बाकी दिवस ऑफिस असतं."

गिरिजानं सुहासकडे पाहिलं. सुहास बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं वाचत होता. मी मागच्या दारापलीकडून हे सगळं ऐकलं आणि माझं डोकं गरगरलं. ज्या कामापायी माणसं आम्हाला लांब धरायची, त्या कामाची इथं फी भरतात? आणि भारी वाटतं?

दीक्षा उड्या मारायला लागली. आपण जायचंच म्हणून हट्ट धरला तिनं. सुहास नाही म्हणू शकला नाही, कारण नाही म्हणायला कारण काय देणार? परीक्षित म्हणाला होता, कुठलंही पसरट भांडं चालेल. दीक्षानं शेडमागून मला उचललं, पक्ष्याचं पाणी ओतून दिलं आणि गाडीच्या डिकीत टाकलं. निवेदिताची त्या दिवशी हॉस्पिटलात ड्युटी होती. सुहासनं डिकी तीन तासांनी उघडली, तेव्हा आम्ही डोंगरात पोचलो होतो.

"हे कुणी घेतलं?" त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी. आजीचा आहे. अंकल म्हणाला कुठला पण चालतो."

परीक्षित शेजारीच उभा होता. सुहासनं डिकी धाडकन लावली, पण मी तोवर दीक्षाच्या काखेत गेले होते.

ओढा लहानसाच होता. शेवाळलेले दगड, काळं पाणी, वर उतारावर मेंढ्या. बारीक पाऊस पडत होता, पण त्याला पाऊस म्हणण्याची तिथं कुणाची तयारी नव्हती. आठ-दहा माणसं छातीपर्यंत रबरी विजारी घालून पाण्यात उभी होती. त्यांच्या हातांत हिरव्या प्लास्टिकच्या पराती होत्या, एका कडेला पायऱ्या पाडलेल्या. नव्या, चकचकीत, हलक्या. मला लाज वाटली. मग वाटलं, लाज कसली? ह्या सगळ्यांनी मिळून जेवढी माती पाहिली नसेल तेवढी मी एकटीनं धुतलीय.

गिरिजा काठीवर रेलून ओढ्याच्या वरच्या अंगाला बघत होती. बराच वेळ बघितलं आणि परीक्षितला विचारलं, "वर कोनाचं दुकान हाये?"

"दुकान? वर काहीच नाही, काकू. डोंगर आहे."

"मग सोनं येतं कुठून? कोनाच्या मोरीतून?"

परीक्षित हसला. वाईट नाही हसला, पण हसला. "डोंगरातूनच येतं. दगडात असतं सोनं. पाऊस दगड झिजवतो, सोनं सुटतं आणि ओढ्यात येतं. मुळात सगळंच सोनं असं दगडातलं."

मित्रांनो, हसू नका. हे मलाही माहीत नव्हतं. एकतीस वर्षं मी सोनं धुतलं आणि मला वाटायचं, सोनं सराफाच्या पायाला लागून बाहेर पडतं. सोनं म्हणजे मोठ्या माणसाचा केर, असंच आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ते डोंगरात असतं? उघड्यावर? मेंढ्यांच्या पायाखाली? आणि तिथं जाताना दारात उभं राहून "मालक" म्हणावं लागत नाही? मग आम्ही काय केलं इतकी वर्षं?

गिरिजा एका दगडावर बसली. तिलाही हेच झालं असणार, कारण दुपारपर्यंत ती वरच्या डोंगराकडेच बघत राहिली.

दुपारपर्यंत परीक्षितला दोन ठिपके सापडले. दीक्षाला काहीच नाही. तिनं मला नुसतंच पाण्यात बुचकळलं. सुहास गाडीशी फोनवर बोलत उभा राहिला. ऑफिसचा फोन होता म्हणे, रविवारी.

थंडी वाढली तशी सगळी माणसं चहाला आत आली. आत म्हणजे क्लबची दगडी झोपडी. पूर्वी मेंढपाळांची होती. क्लबचा म्हातारा ह्यू ती सांभाळायचा. हा पिकल्या मिशांचा, खाणीत काम केलेला माणूस. झोपडीत शेगडी होती, टेबल होतं. दिवसभर धुऊन उरलेली काळी रेती सगळे तिथं आणायचे, तव्यावर सुकवायचे आणि तोंडानं हळूच फुंकायचे. रेती उडून जायची, सोनं मागे राहायचं. तीस वर्षं हेच चाललेलं होतं.

गिरिजानं कप खाली ठेवला. ह्यू फुंकत होता. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग टेबलाच्या कडेकडे, मग खाली फरशीकडे. फरशीच्या दगडांमध्ये फटी होत्या, बोट जाईल एवढ्या. दाराशी काथ्याचं पायपुसणं होतं, मातीनं दगड झालेलं.

मी तिच्या पायाशी होते. तिचा पाय हलला. मी तो पाय ओळखते; कामाचा केर दिसला की तो असाच हलायचा.

"दीक्षा," ती म्हणाली, "त्या बाबाला इचार, केर घेऊ का म्हनून."

"केर म्हणजे?"

"खालची घान."

दीक्षानं विचारलं. ह्यूला काही कळेना. तो म्हणाला, पाहुणीनं झाडायचं नसतं, बसा आरामात. गिरिजानं बटव्यातून पाच पाउंडांची नोट काढून त्याच्यापुढे धरली. ह्यूचे डोळे मोठे झाले. माझीच झोपडी झाडायचे मलाच पैसे? त्यानं परीक्षितकडे बघितलं, परीक्षितनं खांदे उडवले. ह्यू नोट घेईना. गिरिजानं ती त्याच्या कपाखाली सरकवली आणि कामाला लागली. न विचारता आणि न देता केर घेणं तिच्यानं झालं नसतं.

केसांतला आकडा काढून तिनं फटी कोरल्या. टेबलाखालचा कोपरा ब्रशनं ओढला. पायपुसणं माझ्यात उलटं करून झटकलं. मी काठापर्यंत भरले आणि आम्ही ओढ्यावर गेलो. गुडघे दुखणारी बाई त्या बर्फासारख्या पाण्यात उकिडवी बसली.

कसं सांगू तुम्हाला? बारा वर्षांनी तिच्या तळव्यांनी माझे काठ धरले. डावा जरा वर, उजवा जरा खाली. एक झोका, एक हिसका. माती निघाली. शेवाळ, काथ्या, चहाचा चोथा, सगळं निघून गेलं. तिनं पाणी कमी केलं, मला कलती केली, बोटानं काठावर टिचकी मारली.

माझ्या खळग्यात मोहरीएवढे चार दाणे होते आणि त्यांच्यामागे बोटभर लांब पिवळी रेघ.

एकजण ओरडला. सगळे धावत आले. ह्यूनं चष्मा चढवला, माझ्यावर वाकला आणि हसायलाच लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. तीस वर्षं आम्ही बाहेर शोधतोय, तो म्हणाला, आणि बूट पुसतोय सोन्यावर!

"काकू!" परीक्षितनं कपाळाला हात लावला. "हे सुचलं कसं तुम्हाला?"

गिरिजानं मला तशीच कलती धरून ठेवली. तिनं सुहासकडे पाहिलं. एवढ्या आरड्याओरड्यानं तोही खाली आला होता. दीक्षा आजीच्या खांद्याला चिकटून उभी होती. मला वाटलं, आता. आता हा बोलेल.

बोलला. "अरे, आमच्या दुकानात एक नोकर होता. तो धुवायचा असं. आई गल्ल्यावरून बघायची ना रोज. पाहून पाहून येतं."

"ग्रेट! काय नाव रे त्याचं? हे लिहून ठेवायला पाहिजे."

आता बघा, जगात हजार नावं आहेत. कुठलंही सांगता आलं असतं. पण मला पाण्यावर धरलेला माणूस डोळ्यांपुढे आणला की त्याच्या डोक्यात एकच माणूस येणार. तोंडातून निघूनच गेलं.

"कडूबा."

दीक्षानं मान वर केली.

"बाबा," दीक्षा म्हणाली, "पण कडूबा तर आजोबा आहे. तुझ्या पासपोर्टवर आहे, सुहास कडूबा."

"सेम नाव होतं. कॉमन नेम आहे तिकडे."

"नोकर पण कडूबा आणि आजोबा पण कडूबा?"

"हो! दीक्षा, चल, गाडीत बस."

"सुहास," गिरिजा म्हणाली.

ती उठली. मला हातात धरूनच उठली, पाणी निथळत. तिचा आवाज मोठा नव्हता.

"नोकर न्हवता त्यो. आन् दुकान बी न्हवतं." मग ती नातीकडे वळली. "दीक्षा, हिकडं बघ. ही परात तुझ्या आजोबाची. म्या आन् त्यानं एकतीस वर्सं सराफ्याचं गटार धुतलं हिच्यात. तुझ्या बापाच्या शाळेची फी ह्या खळग्यातून निघाली. हे हात बघितलेस? हे त्यानंच आसे खरखरीत झाले."

"गटार म्हणजे काय?" दीक्षानं परीक्षितला विचारलं.

परीक्षितचा चेहरा पडला होता. "ड्रेन," तो म्हणाला.

दीक्षानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही हात काढून घेईल. आजवर सगळ्यांनी काढून घेतला. तिनं वाकून माझा वास घेतला. तिला कसलाच वास आला नसावा, कारण ती आणखी गोंधळली.

"मग आजी पण प्रॉस्पेक्टर आहे? ह्यांच्यासारखी सोनं शोधणारी?" ती म्हणाली. "मग बाबानं शॉप का सांगितला? हे तर जास्त कूल आहे."

ह्यूनं परीक्षितकडून सगळं समजून घेतलं. मग टोपी मागे सारून तो म्हणाला, इथं आम्ही सगळे हौशी, ही एकटीच खरी धंद्यातली, असं सांग तिला. परीक्षितनं सांगितलं.

"हौस न्हवती बाबा," गिरिजा म्हणाली. "भूक व्हती. सांग त्याला."

परीक्षितनं ते सांगितलं नाही. तो नुसता हसला. हे का सांगितलं नाही, हेही मला कळलं नाही. साधं वाक्य होतं.

ह्यूनं ते सोनं करंगळीएवढ्या काचेच्या बाटलीत भरून गिरिजाला दिलं. आम्ही विकत नाही, तो म्हणाला, ठेवून बघतो नुसतं. गिरिजानं बाटली उजेडात धरली. "इकत न्हाईत," ती पुटपुटली, "नुसतं बघतात." आणि डोकं हलवत राहिली.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मी या खेपेला डिकीत नव्हते. गिरिजानं मला मांडीवर घेतलं होतं, तिचं लुगडं भिजत होतं. मग सुहासनं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. वायपर चालूच होते.

"आई, तू शब्द दिला होतास."

"दिला व्हता. तुझ्या बापाला नोकर म्हनायचा न्हवता दिला."

"मला काय हौस आहे का गं खोटं बोलायची? तुला माहीत नाही इथं लोक कसे आहेत. सूट घालतात, विमानानं येतात आणि दुसऱ्याच मिनिटाला आडनाव विचारतात. परीक्षित आता चार जणांना सांगणार. दीक्षाला कुणी काही बोललं म्हणजे?"

"बोलू दे. तवर तिला खरं तर ठावं आसंल."

मागच्या सीटवरून दीक्षा म्हणाली, "बाबा, शॉप होतं का?"

"नव्हतं."

"कधीच?"

"कधीच नव्हतं."

"मग तू पण धुतलंस? आजीबरोबर?"

सुहासनं वायपर बंद केले. काच लगेच पाण्यानं भरली, बाहेरचं दिसेनासं झालं.

"सातवीपर्यंत," तो म्हणाला. "मग वर्गातल्या पोरांनी पुलावरून बघितलं. दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारी कुणी बसलं नाही. त्यानंतर मी हात नाही लावला."

गिरिजानं हे कधी ऐकलेलं नव्हतं. तिला वाटलं होतं, अभ्यासाला वेळ पुरत नाही म्हणून पोरानं काम सोडलं. तिचा हात माझ्या काठावर होता, तो उठला, सुहासच्या पाठीकडे गेला आणि मध्येच थांबला. त्याला लावावा की लावू नये, तिला कळेना. मलाही कळेना. ज्याच्यावर इतका रागावले होते त्याच्यावर आता किती रागवायचं?

राहिलेल्या तीन आठवड्यांत गिरिजानं दीक्षाला सगळं सांगितलं. पारा, तेजाब, खोकला, वरून टाकलेलं सोनं, सगळं. सुहास शेजारच्या खोलीत असायचा. दार लावून घ्यायचा नाही, आतही यायचा नाही. मग गिरिजा जालन्याला परत गेली. मला नेलं नाही. "ही तुझी," ती दीक्षाला म्हणाली.

आणि मित्रांनो, आज मी पुन्हा त्याच ओढ्यात आहे. दीक्षानं हट्टानं आणलंय. गाडी सुहासनं चालवली, पण आल्यापासून तो काठावर उभा आहे, पॉलिश केलेले बूट, हातात किल्ली. दीक्षाला धुता येत नाही. ती मला जोरात हिसडते आणि माती जाते तसं सोनंही जातं. आत्ताच दोन कण गेले. मी पाहिले. मला बोलता येत नाही.

तिनं आजीला व्हिडिओ कॉल लावला. "आजी, सगळा वाहून जातो गं. कसं करू?"

"फोनवर कसं दावू, माय? बापाला इचार. त्याचा हात माझ्यापरीस हलका व्हता."

दीक्षा वळली. "बाबा, दाखव ना."

सुहासनं पलीकडे पाहिलं. परीक्षित होता, ह्यू होता, आणखी पाच-सहा जण होते. सगळे आपापल्या परातीत वाकलेले. कुणी बघत नव्हतं, पण त्याला सगळे बघत असल्यासारखं वाटत असणार. तो दगडावर बसला. एक बूट काढला. मोजा काढून बुटात नीट कोंबला. दुसऱ्या बुटाच्या नाडीला हात घातला आणि तिथंच थांबला.

अजून तसाच बसला आहे.

आता या ठिकाणी मी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मला गंजू देऊ नका, जपा, असं म्हणायचं असतं. गंजले तर गंजले, लोखंडाचं तेच होतं. पाहिजे तर तुम्हीही मला टाकून द्या. पण मला जुनी कलाकुसर म्हणून दिवाणखान्यात टांगू नका, आणि ज्यांनी मला धरलं त्यांना नोकर म्हणू नका. तुमच्या घरात कुणाचे हात असे खरखरीत असतील, तर ते कशानं झाले हे विचारा. त्यांचं बोलणं संपेपर्यंत जागचे हलू नका. आणि तुमच्याही घरात कुणी असं एक बूट काढून बसलेलं असेल तर त्याला हसू नका. त्याला हाक मारा.

दीक्षानं मारली आहे. मला पुढे धरून ती उभी आहे, पाणी फार गार आहे.

"बाबा," ती पुन्हा म्हणतेय. "ये ना."